आनुवंशिक कर्करोगाची जनुकीय तपासणी आणि समुपदेशन: आमच्या कुटुंबाने घेतलेल्या सेवेचे परीक्षण

माझ्या थोरल्या बहिणीला वयाच्या ४१व्या वर्षी उजव्या स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि गाठीच्या तपासणीत तो 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारचा, म्हणजे औषधे ठरवण्यासाठी पेशींवर शोधली जाणारी तीनही प्रथिने नसलेला, निघाला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी केमोथेरपीच्या कागदांसोबत आणखी एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर त्याच रुग्णालयातील कर्करोग आनुवंशिकी विभागाचे नाव आणि 'जनुकीय समुपदेशनासाठी' एवढेच लिहिलेले होते. घरात आधीच एवढी धावपळ सुरू असताना हे आणखी काय, असे आम्हा सर्वांनाच वाटले आणि ती चिठ्ठी तीन आठवडे ताईच्या पर्समध्ये तशीच पडून राहिली. त्यानंतरच्या आठ महिन्यांत मात्र आमच्या घरातील चौघांनी ही सेवा घेतली: ताईने, बाबांनी, धाकट्या भावाने आणि मी. त्या काळात याविषयी मराठीत काही वाचायला मिळावे म्हणून मी बरेच शोधले, तेव्हा हाती लागल्या त्या बहुतेक प्रयोगशाळांच्या जाहिराती. म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. रुग्णालयाचे आणि प्रयोगशाळेचे नाव घेत नाही, कारण त्यावरून ताईची ओळख पटू शकते, आणि या प्रकारच्या माहितीत ओळख जपणे किती महत्त्वाचे आहे हे आम्ही याच विभागात शिकलो.

माझे मत आधीच सांगते. पावती रक्ताच्या तपासणीची फाडली जाते, परंतु या सेवेचे मोल त्या तपासणीच्या आधी आणि नंतर होणाऱ्या बोलण्यात आहे. आमच्या समुपदेशक बाईंना मी पूर्ण गुण देईन. विभागाच्या कारभाराला तेवढे देता येणार नाहीत.

पहिल्या भेटीची वेळ मिळायलाच पाच आठवडे लागले, कारण एवढ्या मोठ्या रुग्णालयात हे काम करणारी व्यक्ती एकच होती. भेट मात्र एक तास चाळीस मिनिटे चालली, आणि सरकारी असो वा खासगी, कोणत्याही दवाखान्यात आमचे म्हणणे इतका वेळ कोणी ऐकून घेतल्याचे मला आठवत नाही. बाईंनी एक कोरा कागद आडवा ठेवला, शिसपेन्सिल आणि खोडरबर घेतले आणि आमच्या घराण्याचा नकाशा काढायला सुरुवात केली. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, ज्याला कर्करोग झाला त्याचे चिन्ह काळे भरायचे, जे माणूस गेले त्याच्यावर तिरकी रेघ मारायची, आणि जिच्यापासून चौकशी सुरू झाली तिच्याकडे, म्हणजे ताईकडे, एक छोटा बाण. तीन पिढ्या भरायच्या होत्या आणि प्रत्येकाचे सध्याचे वय किंवा मृत्यूसमयीचे वय लिहायचे होते. शाईऐवजी पेन्सिल का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "घरी जाऊन विचारलंत की यातलं निम्मं बदलतं." तसेच झाले.

आम्ही आईच्या माहेरची माहिती पाठ करून गेलो होतो. बाईचा आजार बाईकडूनच येणार, असे आम्ही गृहीत धरले होते. आईकडे कोणालाच कर्करोग नव्हता, त्यामुळे घरात असे काही नाही, असे ताईने पहिल्या पाच मिनिटांत सांगूनही टाकले. बाईंनी ते लिहून घेतले आणि वडिलांच्या बाजूला वळल्या. बाबांना एक थोरली बहीण होती, ती १९८९ साली ४७व्या वर्षी मिरजेला वारली. कशाने, असे विचारल्यावर बाबा म्हणाले, "तिच्या पोटात पाणी झालं होतं." आमच्या घरात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ते एखाद्या आजाराचे नाव असावे तसेच ते ऐकले. बाईंची पेन्सिल तिथे थांबली. आत्या दारू घेत होत्या का, त्यांना कधी कावीळ झाली होती का, यकृताचा काही त्रास होता का, असे त्यांनी एकेक करून विचारले आणि सर्व उत्तरे नाही अशी आल्यावर सांगितले की बीजांडकोशाच्या कर्करोगात पोटात पाणी साठते, आणि आपल्याकडे जुन्या पिढीतील अनेक स्त्रियांच्या बाबतीत घरच्यांना सांगितला गेलेला आजार तेवढाच असतो. आत्याचे काही कागद कोणाकडे असतील तर पाहा, असे त्या म्हणाल्या.

आत्याच्या मुलीने, म्हणजे माझ्या आतेबहिणीने, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आईचे कागद ठेवले होते. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर एका डिस्चार्ज कार्डाचे छायाचित्र पाठवले. घडीवर कागद फाटला होता, शाई तपकिरी झाली होती, तरी डॉक्टरांच्या तिरक्या अक्षरांत 'ओव्हरी' हा शब्द नीट वाचता येत होता. छत्तीस वर्षे तो कागद त्या डब्यात होता. पुढच्या भेटीत बाईंनी आत्याचे वर्तुळ काळे भरले, आणि त्या एका वर्तुळामुळे संपूर्ण नकाशाचा अर्थ बदलला.

हा प्रसंग मी लांबवून सांगितला, कारण या सेवेचा गाभा तोच आहे असे मला वाटते. कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच जन्मतः मिळालेल्या जनुकीय दोषामुळे होतात. त्यामुळे घरात एकाला कर्करोग झाला म्हणून सरसकट सर्वांनी ही तपासणी करावी असे अजिबात नाही. कोणत्या घरात ती करावी हे ठरते ते कमी वयातील निदान, एकाच बाजूच्या अनेक नातेवाइकांना झालेले आजार, एकाच व्यक्तीला दोन वेगळे कर्करोग, पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग, बीजांडकोशाचा कर्करोग, अशा खुणांवरून. यातील कितीतरी खुणा 'पोटात पाणी झाले', 'पिशवीचा आजार होता', 'अंगावर जायचे' अशा शब्दांखाली दडलेल्या असतात. लग्नानंतर आडनाव आणि गाव बदललेल्या आत्या आणि चुलत बहिणी तर या हिशेबातून पूर्णपणे सुटतात. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न झाले आहे का, हेही बाईंनी विचारले आणि कारणही सांगितले: काही जनुकांत एकच सदोष प्रत असेल तर प्रौढपणी कर्करोगाचा धोका वाढतो, परंतु आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तर मुलाला निराळाच गंभीर आजार होऊ शकतो. बीआरसीए२ या जनुकाच्या बाबतीत तो फॅन्कोनी अ‍ॅनिमिया असतो.

जनुक म्हणजे काय हे समजावण्याची त्यांची पद्धत मला फार आवडली. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात 'बदक कमळ मगर' असे लिहिले आणि म्हणाल्या की आपल्या पेशी ही अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचतात. मग त्यांनी 'द' खोडला आणि बाबांना पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचायला सांगितले. बाबांनी चष्मा वर सरकवून वाचले, "बकक मळम गर." एक अक्षर गळाले की पुढचे सगळे वाचन बिघडते, आणि त्या सूचनेवरून तयार व्हायचे प्रथिन अर्धवट राहते. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुके डीएनएला झालेली मोडतोड दुरुस्त करणारी प्रथिने बनवतात. दुरुस्तीच होत नसेल तर बिघाड साचत जातात आणि त्यातून कर्करोग होण्याची शक्यता वाढते. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून, म्हणून सदोष प्रत असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. यातील बीआरसीए१ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे, हे मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाने १९९० साली दाखवले. १९९४ मध्ये ते प्रत्यक्ष हाती लागले आणि पुढच्याच वर्षी १३व्या गुणसूत्रावरील बीआरसीए२. त्यानंतर एका अमेरिकी कंपनीकडे या जनुकांची एकस्वे (पेटंट) होती. १३ जून २०१३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निसर्गतः असलेल्या जनुकावर कोणाचे एकस्व असू शकत नाही असा निकाल दिला, आणि तिथे इतर प्रयोगशाळांना ही तपासणी करण्याची वाट मोकळी झाली.

तपासणी आधी ताईचीच करायची, असे बाईंनी स्पष्ट सांगितले. मी निरोगी होते, घाबरलेली होते आणि माझे रक्त त्याच दिवशी घ्यावे म्हणून आग्रह करत होते. त्यांचा मुद्दा असा होता की ज्या व्यक्तीला आजार झाला आहे तिच्यात दोष सापडला तरच निरोगी नातेवाइकांत नेमके काय शोधायचे ते कळते. तसे न करता माझी तपासणी केली आणि काहीच सापडले नाही, तर माझ्यात दोष नाही की आमच्या घरातील दोष त्या तपासणीला दिसलाच नाही, हे सांगता येणार नाही. हे ऐकून मी आग्रह सोडला. वरकरणी साधा वाटणारा हा एक सल्ला आमचे पैसे आणि एक मोठा गैरसमज, दोन्ही वाचवून गेला.

ताईच्या तपासणीसाठी जांभळ्या टोपणाच्या बाटलीत थोडेसे रक्त घेतले गेले. अनेक जनुकांचे एकत्रित 'पॅनेल' होते आणि त्याचे २१,५०० रुपये झाले. समुपदेशनाचे पहिल्या भेटीचे १,५०० वेगळे. जनुकातील मोठा तुकडाच गळाला किंवा दुणावला असेल तर तोही या तपासणीत शोधला जाणार आहे का, हा प्रश्न प्रयोगशाळेला अवश्य विचारावा, असे बाईंनी सुचवले होते, कारण साध्या वाचनात असे बदल निसटू शकतात. आमच्या प्रयोगशाळेने ते शोधले जाईल असे लेखी दिले. संमतिपत्र मात्र सहा पानी आणि केवळ इंग्रजीत होते. बाईंनी त्यातील प्रत्येक कलम मराठीत वाचून दाखवले, उरलेला नमुना संशोधनासाठी वापरू द्यायचा की नाही यासाठीची स्वतंत्र चौकट दाखवली आणि तिथे 'नाही' लिहिले तरी तपासणीत काही फरक पडत नाही हेही सांगितले. तरीही मुंबईतील रुग्णालयात, आयुष्यभराचा निर्णय असलेल्या कागदाची मराठी प्रत नसावी, हे मला पटत नाही. प्रत्येक रुग्णासमोर बसून वाचून दाखवायला अशा बाई असतीलच असे नाही.

अहवालाला २६ दिवस लागले, आणि इथेच या सेवेतील सर्वांत मोठी चूक घडली. ठरले असे होते की अहवाल आधी विभागाकडे येईल आणि आम्हाला तो दुसऱ्या भेटीत समोर बसवून सांगितला जाईल. प्रत्यक्षात शनिवारी रात्री साडेनऊला तो ताईच्या ईमेलवर येऊन पडला. केमोच्या तिसऱ्या फेरीनंतरचा तो पाचवा दिवस होता. ती पलंगावर पडून फोन पाहत होती. पहिल्याच पानावर 'पॅथोजेनिक', म्हणजे रोगकारक, हा शब्द लाल चौकटीत होता, त्याखाली बीआरसीए१, आणि त्याखाली आणखी एका जनुकाचे, एटीएमचे, नाव होते आणि त्यापुढे 'अर्थ अनिश्चित' अशा आशयाची नोंद. रात्रभर तिने इंटरनेटवर वाचले आणि आपल्याला एक नव्हे तर दोन दोष आहेत, अशी समजूत करून घेऊन सकाळी मला फोन केला. मंगळवारपर्यंत आमच्या घरात कोणी नीट जेवले नाही. प्रयोगशाळेच्या यंत्रणेतून अहवाल आपोआप रुग्णाला जातो, असे नंतर सांगण्यात आले. ही यंत्रणा साखरेच्या तपासणीला ठीक असेल. इथे ती बंदच असली पाहिजे. बाईंनी माफी मागितली आणि पुढच्या तिघांच्या अर्जांवर ताईचा अनुभव लिहून ईमेलचा रकाना रिकामा ठेवला, तेव्हा ते अहवाल बरोबर विभागात पोहोचले.

त्या मंगळवारच्या भेटीत आधी अनिश्चित नोंदीचा उलगडा झाला. जनुकातील प्रत्येक फरक रोगकारक नसतो. काही फरक निरुपद्रवी असतात आणि काहींविषयी पुरेसा पुरावा अद्याप जमलेला नसतो. अशा अनिश्चित फरकावरून कोणतीही शस्त्रक्रिया, कोणताही निर्णय करायचा नसतो आणि नातेवाइकांची तपासणीही लावायची नसते. पुढे पुरावा वाढला की त्यातील बहुसंख्य फरक निरुपद्रवी ठरतात. आतापर्यंत जमलेली माहिती मोठ्या प्रमाणावर युरोपीय वंशाच्या लोकांची असल्यामुळे भारतीयांच्या अहवालात अशा नोंदी अधिक येतात, हे कारण मला महत्त्वाचे वाटले. दोन वर्षांनी या नोंदीचे वर्गीकरण बदलले आहे का ते विचारा, असे त्यांनी ताईच्या फाइलवर तारखेसह लिहून दिले.

मग बीआरसीए१. आमच्या घरातील दोष म्हणजे त्या जनुकातील चार अक्षरे गळालेली होती. टक्केवारी सांगताना बाईंनी घाई केली नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए१ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७२ टक्क्यांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा आणि सुमारे ४४ टक्क्यांना बीजांडकोशाचा कर्करोग होतो. बीआरसीए२ साठी हे आकडे अनुक्रमे ६९ आणि १७ आहेत. त्यांनी कागदावर शंभर ठिपके काढलेले होते, त्यातील ४४ रंगवले आणि ताईला उरलेले ५६ मोजायला लावले. "हे ठिपके वर्षाचे नाहीत, ८० वर्षांच्या आयुष्याचे आहेत," हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितले.

अहवालाचा उपयोग ताईच्या उपचारात लगेच झाला. दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असलेल्या कर्करोगपेशींची दुसरी वाटही बंद करणारी औषधे आहेत, ओलॅपारिब त्यांपैकी एक. तिच्या बाबतीत ते कधी आणि द्यायचे का, हे डॉक्टरांनी पुढे ठरवले. दुसऱ्या स्तनाचे काय करायचे, दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करत लक्ष ठेवायचे की तो काढून टाकायचा, यावर बाईंनी स्वतःचे मत दिले नाही. आम्ही तीनदा विचारूनही दिले नाही. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटते की तो निर्णय ताईचाच राहिला हे बरे झाले. मे २०१३ मध्ये अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी आपल्याला बीआरसीए१ चा दोष असल्याचे आणि दोन्ही स्तन काढून घेतल्याचे वर्तमानपत्रातील लेखातून जाहीर केले होते. ताईने त्या लेखाविषयी विचारले, तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या की त्यांच्या जागी त्या होत्या, तुमच्या जागी तुम्ही आहात. बीजांडकोशाबाबत मात्र त्या स्पष्ट बोलल्या. सोनोग्राफी आणि रक्तातील सीए-१२५ या प्रथिनाची तपासणी यांनी हा कर्करोग वेळेवर पकडला जाऊन जीव वाचतो असे सिद्ध झालेले नाही, म्हणून बीआरसीए१ चा दोष असलेल्या स्त्रियांना अपत्ये झाल्यावर, साधारण ३५ ते ४० या वयात, बीजांडकोश आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, आणि त्याने त्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो. पाळी अकाली जाण्याचे परिणाम काय, हाडांचे काय, त्यासाठी कोणाला भेटायचे, हेही त्याच बैठकीत सांगितले गेले. ताईने केमो संपल्यावर ही शस्त्रक्रिया करून घेतली.

आता आम्हा इतरांची पाळी आली. एकच ठरावीक बदल शोधायचा असल्यामुळे प्रत्येकी ४,००० रुपयेच लागले. बाबांच्या रक्तात दोष सापडला, हे आत्यामुळे अपेक्षितच होते. बाबा ७४ वर्षांचे आहेत, आयुष्यभर शिक्षक होते, सहसा भावना दाखवत नाहीत. अहवाल ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हे माझ्यामुळे झालं." बाईंनी खुर्ची त्यांच्या बाजूला ओढून घेतली. "काका, तुम्हाला हे तुमच्या आईकडून आलं की वडिलांकडून, ते आपल्याला माहीत नाही. त्या माउलीवर किंवा त्या माणसावर तुम्ही राग धरणार आहात का? त्यांना तरी कुठं ठाऊक होतं?" बाबांनी मान हलवली. त्यानंतर घरी त्यांनी हा विषय पुन्हा त्या शब्दांत काढला नाही. या एका प्रसंगासाठी मी या विभागाची कायम ऋणी राहीन.

माझ्यात तो दोष नाही. भावात आहे. दोन्ही अहवाल एकाच दिवशी मिळाले, आणि मला सुटल्यासारखे वाटत असतानाच ताईच्या डोळ्यांकडे पाहता येईना. असे होईल, हे बाईंनी रक्त घेण्याआधीच सांगून ठेवले होते: दोष न सापडलेल्या भावंडाला अपराधी वाटते, ते स्वाभाविक आहे, आणि त्याविषयी बोलायचे असेल तर त्याला स्वतंत्र वेळ मिळतो. मी तो वेळ घेतला. माझा धोका शून्य झाला नसून सर्वसाधारण स्त्रीइतका झाला आहे आणि वयानुसार मॅमोग्राफी मलाही करायचीच आहे, हे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतले.

भावाच्या बाबतीत मात्र सेवा अपुरी पडली. बाई रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी पंधरा मिनिटांत, पुरुषांना यात फारशी काळजी नसते, असे सांगून त्याला पाठवून दिले. हे अर्धसत्य आहे. पुरुषांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका बीआरसीए२ मध्ये अधिक आणि बीआरसीए१ मध्ये कमी असतो, हे खरे. पण तोही सर्वसाधारण पुरुषापेक्षा जास्तच असतो, चाळिशीनंतर प्रोस्टेटच्या तपासणीविषयी विचार करावा लागतो, आणि मुख्य म्हणजे त्याला नऊ वर्षांची मुलगी आहे. तिची तपासणी आत्ता करायची का, हा वहिनीचा प्रश्न त्या पंधरा मिनिटांत विचारायचाच राहून गेला. पुढे बाईंनी फोनवरून उत्तर दिले: नाही. प्रौढपणी उद्भवणाऱ्या या धोक्यासाठी लहान मुलांची तपासणी करत नाहीत. ती १८ वर्षांची झाल्यावर स्वतः ठरवेल. वहिनीला आणखी एक चिंता होती, जी आपल्याकडे बहुतेक घरांत असते: मुलीच्या लग्नाच्या वेळी हे सांगावे लागेल का? बाईंनी तिची ही चिंता हसण्यावारी नेली नाही, तिच्यासाठी वेगळी भेट ठेवली.

माझ्या चुलत भावाचा अनुभव इथे सांगायला हवा. तो न्यू जर्सीत राहतो. त्याने काही वर्षांपूर्वी घरपोच मिळणाऱ्या संचाने लाळेची तपासणी केली होती आणि त्यात बीआरसीएचे काही सापडले नव्हते, म्हणून आपल्या शाखेत काही नाही, असे तो ठामपणे सांगत होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अशा एका घरपोच तपासणीला जी परवानगी दिली ती या दोन जनुकांतील केवळ तीन बदलांसाठी होती, आणि ते बदल प्रामुख्याने अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातील, ज्यू वंशाच्या लोकांत आढळतात. ज्ञात रोगकारक बदल मात्र हजाराहून अधिक आहेत. आमच्या घरातील चार अक्षरांची गळती त्या तीन बदलांत नाही. म्हणजे त्याच्या तपासणीने आमच्या घराण्याच्या प्रश्नाला हातच घातला नव्हता, पण तसे सांगायला त्याच्यासमोर कोणी बसलेले नव्हते. आता त्याने तिथल्या डॉक्टरांकडून नेमकी तपासणी मागितली आहे.

विम्याविषयी अनेकांनी मला विचारले म्हणून थोडक्यात लिहिते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर विमा नियामक प्राधिकरणाने मार्च २०१८ मध्ये आरोग्य विमा कंपन्यांना जनुकीय विकारांना विम्यातून वगळू नये असे सांगितले. तथापि, जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणारा अमेरिकेतील २००८ च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे पॉलिसी काढताना काय विचारले आहे ते नीट वाचून खरे उत्तर द्यावे, आणि तपासणीपूर्वीच्या भेटीत हा विषय स्वतःहून काढावा. आमच्या बाईंनी तो काढला नव्हता. मी विचारल्यावर सांगितले.

आणखी एक तक्रार. प्रतीक्षागृहात मदतनीस पूर्ण नाव आणि विभागाचे नाव मोठ्याने पुकारत असे. जिथे आत बसून गोपनीयतेचे चार कागद सही करून घेतात, तिथे बाहेर क्रमांकाने हाक मारणे अवघड नाही.

या सेवेसाठी जाणाऱ्यांनी आधी घरातील वडीलधाऱ्यांकडे, दोन्ही बाजूंच्या, निवांत बसावे आणि 'कर्करोग कोणाला झाला' असे न विचारता 'कोण कशाने गेले आणि किती वर्षांचे असताना' असे विचारावे. बायोप्सीचे जुने अहवाल, डिस्चार्ज कार्डे, काहीही असेल ते घेऊन जावे. प्रयोगशाळेला थेट रक्त देऊ नये, मग ती कितीही सवलत देवो. मुंबई परिसरात टाटा स्मारक केंद्रासारख्या संस्थेत कर्करोग आनुवंशिकीचे काम अनेक वर्षे सुरू आहे आणि मोठ्या शहरांतील काही खासगी रुग्णालयांतही असे विभाग आहेत. आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन तिथेच जावे आणि अहवाल समोरासमोर मिळेल असे आधी लिहून घ्यावे.

शेवटच्या भेटीत बाईंनी ताईला नातेवाइकांसाठी एक पत्र दिले. त्यात ताईचे नाव नव्हते; जनुकाचे नाव, नेमका बदल आणि तपासणी कुठे करता येईल एवढेच मराठीत लिहिलेले होते. संपूर्ण विभागात मला दिसलेला तो एकमेव मराठी कागद, आणि तो बाईंनी स्वतः तयार केलेला होता. आतेबहिणीला तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का, असे मी बाबांना विचारले. ते म्हणाले की अशी गोष्ट फोनवर सांगायची नसते, आणि एसटीने मिरजेला जाऊन त्यांनी तो तिच्या हातात दिला. तिने काही न बोलता तो त्याच बिस्किटांच्या डब्यात ठेवला. दोन महिने तिच्याकडून काही कळले नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तो विभाग कितव्या मजल्यावर आहे आणि येताना मुलीला बरोबर आणू का, असे तिने विचारले. मी मजला सांगितला, दोघीही या म्हणाले, आणि डब्यातले सगळेच कागद घेऊन यायला सांगितले.